वहिनीला शिकवलेली हिंदी

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलींपाशी तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? — तुम्ही आमच्या घरातले कुणी नाही, एवढंच कारण असेल.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, विलायतेहून इंजिनियर होऊन कोल्हापूरला परतला, तो लग्न करूनच. हेलन तिचं नाव. दारात टांगा थांबला तेव्हा गल्ली जमली होती. आईनं ओवाळायचं तबक तयार ठेवलं होतं. गोरी सून पाहिली आणि ते तसंच देवघरात परत नेलं. दादा मुकाट्यानं वहिनीला माडीवर घेऊन गेला.

आता दादाचं डोकं बघा! नोकरी बदलीची, उद्या कुठंही जावं लागेल, म्हणून बायकोला मराठी नको, हिंदी शिकव म्हणाला. कुणाला? तर मला. मी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या; घरात दुसऱ्या कुणाला ती धड येत नव्हती. दादा आठवडा आठवडा धरणाच्या कामावर. म्हणजे वहिनी आईशी बोलणार ते माझ्या तोंडून, आणि आई वहिनीशी बोलणार तेही माझ्याच तोंडून.

मला तिचा संशय होता. कशाचा म्हणून विचाराल — सगळ्याचाच. माडीवर हसली की वाटायचं, आम्हालाच हसते. तांबड्या रश्श्यानं नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना दुसरी वाटी मागायची, तेव्हा वाटायचं, सोंग करते. दारावरच्या फळवाल्या बागवानाशी चार मोडके शब्द बोलून आली, तर माझ्यामागं हिच्या काय चौकशा चालल्यात? शिकवणीत आधी भांड्यांची, मसाल्यांची नावं विचारायची. मी मनात म्हटलं, दादा घेतलास, आता चूलही हवी का? एकदा मोठमोठ्यानं घोकत होती, 'यह मेरा घर है.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य मीच दिलेलं होतं.

आणि आमची आई? आजऱ्याकडच्या शेतकऱ्याची लेक. जेवायला ये म्हणाली तरी शेजाऱ्यांना वाटावं भांडण जुंपलं. माया जेवढी जास्त, तेवढा आवाज मोठा. परक्या माणसाला ते कळणार कसं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी आई जिन्याखाली येऊन उभी राहिली. दादा गावात नव्हता. वहिनी वरच्या पायरीवर, मी मधे.

"किती दिस पावण्यावानी वर बसनार हाय ही?" आई गरजली. "सांग तिला. उद्या खाली ये म्हणावं, माझ्यासंगं पुरण वाट. ओटी भरायची हाय मला तिची. माझ्या मनात आता काय न्हाय की!"

पदराआड खण आणि नारळ होता. वहिनीला तो दिसत नव्हता. मला दिसत होता.

वहिनीचा चेहरा भेदरलेला. "माँजी क्या कहती हैं?"

मी सांगितलं. अगदी शांतपणे, शुद्ध हिंदीत — "माँ कहती हैं, आप नीचे मत आइए। रसोई में आपका आना उन्हें अच्छा नहीं लगता।"

तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्यावर संशय घ्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. तिनं घेतला नाही. मान हलवली आणि आत गेली.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"नको म्हणतीय. चुलीचा धूर सोसत न्हाय तिला."

आई गप्प झाली. आमची आई — आणि गप्प! मला रडू यायला हवं होतं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

चुकून तोंडातून गेलं असेल, असं वाटतं तुम्हाला? नाही. मी वीस वर्षांची होते, सगळं कळत होतं. दोघींपैकी कुणीही दादाला सांगणार नाही, हेसुद्धा कळत होतं. आई मानी होती, आणि वहिनी आईविरुद्ध नवऱ्याचे कान भरणाऱ्यातली नव्हती.

त्याच वर्षी दादानं बदली मागून घेतली. ती दोघं उत्तरेकडे गेली. आई शेजारणींना सांगायची, "सून गुणाची हाय, पर आमची चूल रुचली न्हाय तिला." मी शेजारी बसून तांदूळ निवडत असायचे.

काही वर्षांनी आई गेली. तेराव्याला वहिनी आली, नीट नेसलेलं नऊवारी लुगडं, तोंडात झरझर हिंदी. बायका स्वयंपाकघरात जेवायला बसल्या होत्या. ती उंबऱ्यापाशी थांबली.

"आइए न, वहिनी," मी म्हटलं.

"नहीं," ती हळूच म्हणाली. "माँजी को अच्छा नहीं लगता था।"

आवाजात राग नव्हता. गेलेल्या माणसाचा मान राखत होती, बस्स. बाहेर सोप्यात पाट मांडून बसली. तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. दादा तिथंच होता.

मी तिचं ताट वाढलं आणि बाहेर नेऊन दिलं.