आण्याच्या घरातली जखीण

चि. गोविंदा, पत्राला इतका उशीर झाला, राग धरू नकोस. परतल्यावर आधी पाठ धरली, मग काय लिहावं याची काळजी. तुझ्या सगुणेला आणे गावच्या बिजवराचं स्थळ आलं, आणि त्या घरात पहिल्या बायकोची जखीण आहे असं ऐकून पोरीनं अन्न टाकलं. म्हणून मी म्हातारा पाहायला निघालो. तुलाही जावं लागेल, तेव्हा वाट सांगून ठेवतो.

मंचरहून पहाटे बैलगाडी कर, भाडं आधी ठरव. कळंबला नदीकाठी दशम्या सोडल्या. तिथल्या पुराणिकबुवांना विचारलं, जखीण म्हणजे मुळात काय? मी तिसरीपर्यंत शिकलेला, मला काय कळणार!

“मूळ शब्द यक्षिणी,” बुवा म्हणाले. “झाडाची, पाण्याची, पुरलेल्या धनाची राखणदार देवता. लोकांच्या तोंडी तिची जखीण झाली. पुढं वासना राहून मेलेल्या सवाष्णीलाच ते नाव चिकटलं.”

“धरते का हो ती?”

“आजोबा, तुमचं काय धरणार? धोतर?”

गाडीवान खो खो हसला. मला हसू आलं नाही.

मुक्काम पिंपळवंडीला, देवळाच्या ओवरीत. मारवाड्याच्या दुकानात शिधा चांगला मिळतो. पाणी तिथंच भरून घे. आण्याच्या पठारावर वारा फार, पाणी थोडं.

आण्यात शिरताच माझी चूक झाली. आडावर पाणी शेंदणाऱ्या म्हातारीला विचारलं, “बाई, जखिणीचं घर कोणतं?”

तिचा दोर थांबला. “माझी लेक हाय ती, पावणं. तापानं गेली. जित्तेपणी झुरळाला भ्यायची, आन आता तुमाला खाती व्हय?”

मला तोंड वर करवेना. पण तिनंच आधी पाणी पाजलं आणि जावयाच्या घरी नेलं. देव्हाऱ्यात लेकीचा चांदीचा टाक होता. दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत तुला ठाऊक आहे.

“तुमची पोर ह्यो घालंल, तर ती माझीच लेक,” म्हातारी म्हणाली. “पयली दिवाळी माझ्या घरी. माझ्या दाराला माहेरवाशीण उरली न्हाई, राव.”

जावई बैलांना वैरण टाकत होता. तिथूनच म्हणाला, “मामी, आधी त्यास्नी पोरीला तर इचारू द्या.”

मी सावलीला दचकणारा माणूस, पण हे छातीवर हात ठेवून लिहितो: सगुणेनं भ्यावं असं त्या घरात काही नाही. तिला हे वाचून दाखव, तिचं मन विचार. निघताना म्हातारीनं गाडीत शेंगांचं गाठोडं ठेवलं, “पोरीला द्या” म्हणून. ते अजून माझ्या उशाशी आहे. तुझ्याकडे पाठवू की आण्याला परत करू, मला ठरवता येईना. होय असो, नाही असो, लवकर कळव.