थोरलीचं नाव

सौमित्रला विचारायची सवयच नाही. आरमारात साहेब झाला म्हणून घरातही हुकूम सोडतो, असं पुटपुटत रत्नप्रभाबाई पडवीतल्या बाकावर आडव्या होतात. नातवाने पणतीचं नाव परस्पर ठरवलंय, रत्नप्रभा. उद्या बारसं, आणि हर्णैभर सांगूनही झालंय.

त्याची नेमणूक नव्या रणतारेवर झालीय. रणतारा हे नाव आरमारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एक युद्धनौका मोडीत निघाली की काही वर्षांनी ते नव्या नौकेला मिळतं. त्याचे आजोबा आधीच्या रणतारेवर खलाशी होते. "चांगलं नाव मरू द्यायचं नसतं, आजी," सौमित्र जेवताना म्हणाला.

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. हेच तर त्याचे आजोबा म्हणाले होते, लग्नात. आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं नाव तांदळात अंगठीने लिहून ते बाईंना दिलं होतं. सवतीची प्रतिमा कोरलेला चांदीचा टाक तेव्हापासून बाईंच्या गळ्यात आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्या सवतीचं नाव काय, हे कुणी कधी विचारलं नाही.

डोळा लागतोय की नाही, कळत नाही. पडवी जराशी कलते.

"रत्नप्रभा," कुणीतरी हाक मारतं.

"ओ," दोन बायका एकदमच म्हणतात.

समोर एक निळ्या लुगड्यातली पोरगेली बाई सुक्या कोलंबीचे भिजवलेले सोडे निवडत बसलीय.

"हाक मला होती," ती म्हणते. "तू का ओ दिलीस?"

"जन्मभर देत आलेय."

"केवढी म्हातारी झालीस ग. माझी धाकटी ना तू?"

"तू मरून मोकळी झालीस, थोरले. संसार मी ओढला."

थोरली हसते, सोडे ओच्यात घेऊन उठते आणि माजघराचं दार ढकलते. आत माजघर नाही. पायाखाली सागवानी फळ्या आहेत, काथ्याचे दोर, तोफेला टेकून झोपलेला एक मुंडासेवाला.

"ही पहिली रणतारा. किल्ल्याखाली बुडाली."

"इथं माझी चूल होती."

"असेल. पुढे चल."

पुढच्या पावलाला तळवे पोळतात. खाली लोखंड, कोळशाचा धूर, वरून कुणी गोरा ओरडतोय. ही दुसरी, थोरली सांगते, भंगारात गेली. बाई पदराने नाक झाकतात, आणि पदर खाली घेतात तोवर धूर नाही. पांढऱ्या कपड्यातले खलाशी रांगेत उभे आहेत, सूर्य बुडतोय आणि झेंडा हळूहळू खाली येतोय. रांगेत त्यांचा नवरा, तरुण, टोपीने डोळे पुसतोय.

"हा माणूस रडतो?"

"बोटीसाठी रडला," थोरली म्हणते. "बघ कसं करतात. बोट मोडीत काढताना आधी झेंडा उतरवतात. मग ते नाव नुसतं पडून राहतं, कित्येक वर्षं. मग नवीला. आणि मी गेले, तर वर्ष सरायच्या आत नाव तुझ्या अंगावर. माझा झेंडा उतरवलाच नाही ग कुणी. रत्नप्रभा, चहा टाक. रत्नप्रभा, म्हैस सुटली. दर हाकेला मी उठते. आता पाळण्यातल्या पोरीलाही त्याच नावाने हाका मारणार."

"मला तरी कुणी विचारलं होतं?"

"मग मी विचारते. तुझं नाव काय?"

बाई तोंड उघडतात. नाव येत नाही. डेक आता त्यांच्या माहेरचं अंगण आहे, आई केसांना तेल लावतेय, मानेवर ओघळ उतरतोय. आई कशी हाक मारायची? रणतारा? नव्हे. रत्न... नव्हे.

"हौसा," त्या म्हणतात.

"हौसा," थोरली हळूच म्हणून बघते, आणि तिचे ओले हात बाईंच्या गळ्याशी येतात.

"रत्नप्रभाबाई, चहा," सौमित्र थट्टेने हलवून उठवतोय. ऊन पडवीच्या पायरीवर उतरलंय. बाईंचा हात गळ्याशी जातो. गळा मोकळा. मूठ उघडतात तर टाक मुठीत, काळा दोरा ओला, त्याला सोड्यांचा वास. गाठ जशीच्या तशी आहे, आणि त्या फासातून मांजराचं डोकंही गेलं नसतं.

"आजी, हे कधी काढलंस?"

"बस इथं." टाक त्या त्याच्या तळहातावर ठेवतात. "ही रत्नप्रभा. तुझ्या आजोबांची पहिली बायको. तिचं नाव तिच्या मागोमाग माझ्यावर घातलं. ती आता देव्हाऱ्यात राहील, तिला कुणी हाक मारायची नाही, पाळण्याशी तर नाहीच. पोरीचं नाव तिच्या आईला विचार, तिला अजून विचारलेलं नसशील तू. बोटीला विचारता येत नाही, बाईला येतं. तुझ्या आजोबांना हे कळलं नाही, तुला तरी कळू दे. आणि माझं नाव हौसा. मार हाक बघू."