चादरीबाहेरचं पाऊल

घरात तिला भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय एका जागी ठरत नसत. ती शाळेत असताना साधी बादली उचलताना आईचं मनगट मोडलं, आणि हाडं झिजतात का, हा प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला तो कायमचाच. आधी कॉलेज, मग प्रयोगशाळा. तिथले साहेब एकदा म्हणाले, अंतराळात हाडं फार लवकर झिजतात, कोणीतरी वर जाऊन बघायला हवं. हे ऐकल्यावर भिंगरी कसली गप्प बसते! अंतराळवीरांच्या निवडीत दोनदा आपटली, तिसऱ्यांदा लागली.

आई म्हणाली, "जा बाई. फक्त माझी काळजी नेऊ नकोस, सामानाचं वजन करतात म्हणे."

वरून आठवड्यातून एकदा घरचे पडद्यावर दिसत. उतरायला महिना उरला असताना एकदा आई पलंगावर आडवी दिसली.

"जरा कंबर धरलीय," मोठा भाऊ म्हणाला आणि नको तितकं हसला. खोटं बोलणं त्या बिचाऱ्याला जन्मात जमलं नव्हतं. त्याच्या हातातला फोन हलला, आणि चादरीबाहेर आलेली आईची पावलं दिसली. उजवं बाहेरच्या बाजूला कललं होतं, आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता.

"दादा, खुब्याचं हाड मोडलंय. केव्हा पडली?"

"अगं, मुरगळलंय नुसतं..."

"केव्हा?"

"झाले चार दिवस. तिनं शपथ घातली. दवाखान्यात नेलं की तुला कळणार, तुझं लक्ष उडणार म्हणाली."

"आत्ताच्या आत्ता ने! रक्ताची गुठळी होईल!"

आईनं मान वळवली. "त्याच्यावर ओरडू नकोस. मीच ऐकलं नाही. तुझं काम होऊ दे, मग माझं काय ते करा."

तेवढ्यात वेळ संपला आणि पडदा काळा झाला.

तिनं मोहिमेच्या प्रमुखाला विचारलं, आधी उतरता येईल का? यान एकच होतं, उतरायचं तर सगळ्यांनी. त्यानं खाली विचारून पाहिलं, नाही म्हणाले. आयुष्यभर हाडं शिकलेली बाई, आणि आईच्या पायाला साधी उशी लावता येत नव्हती. दर दीड तासाने पृथ्वीला फेरी होत होती. खाली जमीन जेमतेम चारशे किलोमीटरवर, मधे रस्ता असता, तर गाडीनं अर्ध्या दिवसात ती घरी पोचली असती. स्वतःचा, आईचा, त्या भोळ्या भावाचा, सगळ्यांचाच तिला संताप येत होता, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

भावानं आईला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन सकाळी ठरलं होतं. त्याआधीच गुठळी फुप्फुसात पोचली.

बातमी प्रमुखानं सांगितली. दुसऱ्या दिवशी ती व्यायामाला आलीच नाही. वर रोज पट्ट्यांनी बांधून घेऊन धावावं लागतं. तो तिला शोधत आला.

"धाव. नाहीतर खाली गेल्यावर उभं राहता येणार नाही तुला."

"उभं राहून कोणाकडे जाऊ?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्या खांद्यावर पट्टे चढवले, आणि ती धावायला लागली.