आर्डिथची फेरी

आर्डिथ फिप्सचं गिटार कित्येक वर्षांत कुणी कान देऊन ऐकलं नव्हतं. ती थांबली की मात्र सगळ्यांच्या लगेच लक्षात यायचं.

दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या फायर स्टेशनमधून बंब बाहेर काढून ठेवत. मोकळ्या झालेल्या जागेत घडीच्या खुर्च्या गोल मांडल्या जात, लुरलीन पिंटो बीन्सचं पातेलं नि मक्याचा ब्रेड टेबलावर आणून आपला माणसाएवढा उभा बास घेऊन कोपऱ्यात उभी राही, आणि ब्लूग्रास, म्हणजे त्या डोंगरांतलं तारवाद्यांचं लोकसंगीत, सुरू होई. कुणीतरी धून काढायची, एक फेरी वाजवायची आणि मानेनं शेजाऱ्याला खूण करायची. ज्याला खूण मिळाली त्यानं पुढची फेरी आपल्या पद्धतीनं सजवायची. नको असेल तर हलकेच नकार द्यायचा. फिडल, मँडोलिन, बँजो अशी ती खूण गोल फिरे आणि आर्डिथपाशी आली की तिच्या डोक्यावरून पलीकडे जाई. मधुमेहाच्या माणसासमोरून पेढ्यांचा डबा पुढे सरकवावा, तसं. आर्डिथनं आपलं ठेक्याचं धूम-चक, धूम-चक करत राहायचं. तिनं कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणाऱ्या बाईला काही हवं असेल अशी शंका कुणालाही येत नाही.

तिचा धाकटा भाऊ होबर्ट बँजो वाजवायचा. बँजो मुळातच कर्कश, त्यात होबर्टचा हात म्हणजे पत्र्यावर गारा. माणूस दिलदार, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय त्याला बोलतानाही नव्हती, वाजवताना कुठून येणार?

आर्डिथ बासष्ट वर्षांची झाली त्या वसंतात तिच्या डोक्यात खूळ शिरलं. डोंगरउतारावर नाताळच्या झाडांची शेती होती, तिथे ती कामाला. एका दुपारी ट्रकमध्ये सँडविच खाताना रेडिओवर गिटार लागलं. नुसतं गिटार. ठेका नाही, धून. एकेक सूर सुटा, स्वच्छ, आणि पळता पळता मध्येच गिरकी घेणारा. सँडविच हातात तसंच राहिलं. हे माझंच वाद्य आहे, तिच्या मनात आलं, आणि हे ते मला कधी बोललं नाही. तिला चक्क राग आला.

सोमवारी न्हाव्याचं दुकान बंद असतं. आर्डिथनं मागचं दार वाजवलं. एमरी टॉलिव्हर, वय शहात्तर, गावाचा न्हावी. गुरुवारच्या गोलात तो मँडोलिन वाजवायचा, पण तरुणपणी गिटारवर अवघड धुनी वाजवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अंगठ्याचा सांधा आखडला तेव्हा त्यानं गिटार ठेवून दिलं.

"मला 'एकडोळं खेचर' ही धून गिटारवर शिकायचीय," आर्डिथ म्हणाली.

"केस कापायला आली असतीस तर सोपं गेलं असतं," एमरी म्हणाला. "बस त्या खुर्चीत. वाजव काहीतरी."

तिनं वाजवलं. आरशासमोरच्या बाटल्या हलल्या.

"पोरी, तू जमीन खणतेयस. इथे बी पेरायचंय."

"बासष्टाव्या वर्षी पोरी काय म्हणता?"

"मग नीट वाजव, म्हणजे बाई म्हणेन."

एमरीनं तिला पहिले कितीतरी सोमवार धून वाजवूच दिली नाही. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. तार कुठलीही असो, हाताची ही चाल मोडायची नाही. तारांवरून उड्या मारताना नेमकी तीच मोडते. 'खेचर'च्या दुसऱ्या भागात तीन तारांवर आळीपाळीनं धावायचं होतं, तिथे आर्डिथचा हात अडखळून तोंडावर आपटायचा. एमरी म्हणायचा, सावकाश. ती सावकाश वाजवायची. तो म्हणायचा, याच्याही निम्म्यानं. इतक्या सावकाश की धून ओळखूही येईना. घरी ती कपड्यांच्या मशीनच्या धडधडीवर ठेका धरून घोकायची. पूर्वी आठवड्यातून एकदा कपडे धुणारी आर्डिथ आता एवढ्याएवढ्याशा कपड्यांना मशीन लावू लागली. उन्हाळ्यात झाडांच्या छाटणीला लांब पात्याचा सुरा चालवतानाही तिचं मनगट खाली-वर, खाली-वर करायचं, आणि त्या वर्षी तिच्या ओळीतली झाडं जरा जास्तच बारीक झाली. मालक म्हणाला, आर्डिथ, ही नाताळची झाडं आहेत, पेन्सिली नाहीत. तिनं ताकास तूर लागू दिली नाही.

ऑगस्टमध्ये एमरीला ती तयार झाल्याचं पटलं. "या गुरुवारी मी धून काढतो. एक फेरी माझी, मग खूण तुला."

"होबर्ट काय म्हणेल?"

"होबर्ट काय म्हणायचं ते म्हणणारच आहे, तू वाजव नाहीतर नको वाजवू."

गुरुवारी एमरीनं 'खेचर' काढलं, फेरी संपवली, आणि आर्डिथकडे बघून मान हलवली. सगळा गोल तिच्याकडे बघायला लागला. लुरलीननं बास हळू केला. एमरीनं मँडोलिन दाबून धरलं. आर्डिथनं मोठा श्वास घेतला, आणि तिच्या हातानं इतक्या वर्षांचं काम इमानेइतबारे चालू ठेवलं: धूम-चक, धूम-चक. डोक्यात धून सुरू होती, हात ऐकेना. अख्खी फेरी गेली. कुणीच धून वाजवत नव्हतं आणि सगळे ठेका देत होते, म्हणजे वरात निघाली आणि नवरदेव घरी.

फेरी संपली तेव्हा होबर्ट म्हणाला, "आर्डी, तुझी फेरी झाली का? का अजून यायचीय?"

गोल खो खो हसला. त्यात वाईट कुणी नव्हतं, आर्डिथलाही ते ठाऊक होतं. पण पुढे होबर्टनं बीन्सची वाटी भरता भरता जे म्हटलं, ते तिला लागलं. "गिटारनं ठेका धरायचा असतो गं. तू नाचायला गेलीस तर घर कोण सांभाळणार?"

आर्डिथनं गिटार पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि घरी गेली.

पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी ती झाडांत असताना होबर्टचा ट्रक चढ चढून आला. हातात हॅम भरलेली बिस्किटं, म्हणजे तिकडचे मऊ पाव, कागदात गुंडाळलेली. होबर्ट स्वतःहून खायला आणतो म्हणजे एक तर कुणी मेलेलं असतं, नाहीतर त्याला काहीतरी कबूल करायचं असतं.

"कोण गेलं?" आर्डिथनं विचारलं.

"कुणी नाही. खा." तो ट्रकच्या मागच्या फळीवर बसला. टोपीशी चाळा करू लागला. "गेल्या गुरुवारीही लागली होती, पण काल पार वाट लागली आमची."

"का?"

"मी पळतो."

"म्हणजे?"

"म्हणजे वाजवताना पळतो. पहिल्यापासून. लहानपणी बाबा माझ्या पायावर पाय ठेवून बसायचे, आठवतं? ते गेले आणि मग तू होतीस. तू शेजारी धूम-चक करतेस म्हणून मला जागेवर राहता येतं. कालही तू नव्हतीस. धून संपली तेव्हा मी पुढच्या गावात आणि फिडलवाला अजून फायर स्टेशनात. लुरलीन म्हणाली, होबर्ट, बंब घेऊन जायचा होतास." त्याचा आवाज उतरला. "तू फेरी घेतलीस तर मला धरणारं कुणी उरत नाही, आर्डी. मला भीती वाटते. म्हणून तसं बोललो."

आर्डिथ बिस्किट खात राहिली. आपला हा भाऊ, ज्यानं आयुष्यात कशाला भीक घातली नाही, तो आपल्या धूम-चकच्या आधारानं उभा होता, आणि आपण समजत होतो की आपल्याला कुणी ऐकत नाही. तिला एकदम त्याची माया आली. आणि खरं सांगायचं तर, जरा आनंदाच्या उकळ्याही फुटल्या.

"मग एक फेरी तू मला धर," ती म्हणाली.

"मला जमायचं नाही."

"मलाही जमलं नव्हतं. सगळं गाव हसलं. तुझं काय वेगळं होणार आहे?"

पुढच्या गुरुवारी ती आली. लुरलीननं तिच्या वाटीत बीन्स जास्त वाढले. एमरीनं 'खेचर' काढलं आणि फेरीअंती खूण केली.

होबर्टनं बँजोच्या तारांवर पंजा आडवा दाबला. त्या वाद्यातून नुसतं टक, टक, टक निघू लागलं, दाराबाहेर उभ्या शेजाऱ्यानं अदबीनं कडी वाजवावी तसं. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ हलत होते, पाय जमिनीवर असा आपटत होता की जणू स्वतःच्याच पायाला धाक घालतोय. नजर मात्र आर्डिथच्या हातावर.

आर्डिथचा हात सुटला. खाली, वर, खाली, वर. पहिला भाग स्वच्छ गेला. दुसऱ्या भागात तारांवरची उडी आली, एक सूर फसला, एमरीनं डोळे मिटून घेतले. ती पडली नाही. हाताची चाल मोडली नाही म्हणून पुढचा सूर आपसूक जागेवर सापडला, आणि त्याच्या पुढचाही. खालून होबर्टचं टक, टक चालूच होतं. एक इंचही पळालं नाही.

फेरी संपली. आता तिनं होबर्टला खूण द्यायची. त्याची बोटं तारांवर तयार होती, तोंडावर सुटका झाल्याचा आनंद होता. तो तिच्या मानेकडे बघत राहिला.

आर्डिथनं मान हलवली नाही. ती त्याच्याकडे बघून हसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. होबर्टनं सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला, आणि पंजा परत तारांवर दाबला.