भाऊजींच्या कपाळात गेलेले पन्हे

११ मे २०२५, रविवार. बोरगाव मेघे. सकाळी कैऱ्या उकडल्या. दुपारी रोहण्याहून किसनराव मुलाला, स्वप्निलला, घेऊन आले. गार पन्ह्याने महादेवराव भाऊजींचे कपाळ धरले.

महादेवराव माझे दीर. जन्मभर वर्धा-आर्वी रस्त्यावर एसटी चालवली. थांब्यावर गाडी उभी तेवढ्यातच चहा, भजी, पाणी उरकायचे. निवृत्त झाले तरी मागून घंटी वाजेल या धास्तीनेच खातात-पितात. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घोट घोट प्यायला शिकवले, ते त्यांना पाहवत नाही. "वहिनी, गाडी सुटते तुमची!" म्हणतात.

आज त्यांच्या नातीची, आचलची, सुपारी फोडायची होती. घरच्या वडीलधाऱ्याने होकार दिल्यावाचून आमच्याकडे सुपारी फुटत नाही. आचलला मुलगा फार पसंत. ती पडद्याआड जीव मुठीत धरून उभी.

"मंग महादेवराव, देता का पोरगी?" किसनरावांनी विचारले.

भाऊजींनी उत्तराआधी बर्फाचे पन्हे एका दमात रिचवले आणि दोन्ही हातांनी कपाळ धरून "आई वं!" करत वाकले.

"ऊन लागलं!" किसनराव ओरडले. उन्हावर इलाज पन्ह्याचाच. त्यांनी दुसरा गिलास भाऊजींच्या तोंडाला लावला. पाहुण्याला नाही कसे म्हणणार? तोही एका दमात गेला. भाऊजी आणखी वाकले.

"जबर लागलं जी! आणा अजून!"

मी कांदा फोडून नाकाशी धरला. तिसऱ्या गिलासानंतर भाऊजींचे डोके गुडघ्यांत गेले. किसनराव उठून टोपी शोधू लागले. "वहिनी, होकाराच्या टायमाले ऊन लागलं. लक्षण बरं नाई. आता पुढच्या सालीच पाहू."

आचल बाहेर आली. नवरीने अशा वेळी बोलायचे नसते.

"हे ऊन नाई मामाजी, पन्हं हाय. थंडगार गटकन पेलं का कपाळ धरते. आबाजी, जीभ टाळूले लावून ठेवा."

"पन्ह्यानं? मे महिन्यात?" किसनराव हसले. "आमचे केस पन्ह्यातच पांढरे झाले, पोरी."

"मंग पिऊन पाहा न. एका दमात."

"बाबा, काऊन उगाच..." स्वप्निल म्हणाला, पण तोवर गिलास रिकामा झाला होता. किसनराव मिशीवरून हात फिरवत विजयाने आचलकडे पाहू लागले. मग हात मिशीवरून सरकत कपाळावर गेला.

"आई वं!"

दोघे म्हातारे समोरासमोर कपाळ धरून बसले. भाऊजींची कळ आधी उतरली. त्यांनी व्याह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जीभ टाळूले लावा, किसनराव. पोरगी देली तुमाले."

किसनरावांची जीभ टाळूला होती, त्यामुळे बोलता येईना. डोळे मिटूनच त्यांनी सुपारीसाठी हात पुढे केला.

संध्याकाळी कूलरची टाकी भरली. त्यातले गवत उद्या बदलायचे आहे.