मागच्या सात दिवसांत

पहिल्याच दिवशी दिवा स्टेशनजवळच्या एका इमारतीतल्या लोकांनी सरोज गमरेला तीन नावं देऊन टाकली. तळमजल्यावर ती मीटरवाली झाली, दुसऱ्या मजल्यावर मतदार यादीवाली आणि चौथ्यावर एकीने तिला सरळ गॅसवाली समजून शेगडी दाखवली. सरोज यांतली कुणीच नव्हती. नौपाड्यात एका दवाखान्याच्या वर छोटंसं ऑफिस थाटलेल्या संस्थेने रोजगाराच्या सर्वेक्षणाचं कंत्राट घेतलं होतं, आणि सरोज त्या संस्थेची घरोघर फिरणारी बाई होती. घरात माणसं किती, कोण काय काम करतं, कोण काम शोधतंय, एवढंच विचारायचं आणि टॅबवर भरायचं. अशी हजारो घरं भरून झाली की कुठल्या भागात किती टक्के बेरोजगारी, तो आकडा तयार व्हायचा.

सरोज शेहेचाळीस वर्षांची, राहायला कल्याण पूर्वेला. त्याआधी चौदा वर्षं तिने ठाण्यातल्या एका औषध कंपनीत पॅकिंग केलं होतं. पट्ट्यावरून गोळ्यांची पाकिटं सरसर जायची आणि फुटकी गोळी नजरेनं टिपून बाजूला काढायची, हे तिचं काम. एका दिवाळीनंतर कंपनीने आपला कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला. बायका गेटसमोर अकरा दिवस बसल्या आणि बाराव्या दिवशी उठल्या. मग सरोजने पोलिओचे डोस पाजले, मतदार याद्या तपासल्या, आणि असं करत करत ती या सर्वेक्षणात आली. दारात उभं राहून लोकांची तोंडं बघायची तिला सवय झाली होती. दार आपटलं तरी ती मनाला लावून घेत नसे. दहा मिनिटांनी परत तेच दार वाजवी.

दिव्याच्या त्या इमारतीत तिच्या वाट्याला आठ घरं आली होती. वर्षभरात चार वेळा, दर तीन महिन्यांनी, त्याच घरांत जायचं होतं. चौथ्या मजल्यावरचं घर विमलाबाईंचं. साठीच्या, खेडकडच्या, आवाजाला खणखणीत. मुलगा मितेश पार्सलची व्हॅन चालवायचा. सून रसिका आत काहीतरी करत होती.

"मुलगा कामाला. मी म्हातारी घरी. सून पण घरीच असते, काही करत नाही," विमलाबाईंनी एका दमात सांगून टाकलं.

सरोजने भरलं: सून, घरकाम. लिफ्ट नाही, पाणी नाही, अजून चार घरं बाकी होती. तिने फॉर्म तिथल्या तिथे पाठवून दिला आणि जिना उतरायला लागली.

दुसऱ्या मजल्यावर तिला एक माणूस भेटला. खांद्यावर गोणी, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. "माल आला!" असं तो ओरडला आणि दारादारांतून बायका बाहेर आल्या. पिशव्यांत सोनेरी मणी, तारा, कड्या. नकली दागिन्यांचा माल. तेवढ्यात वरून कठड्यावरून वाकून रसिकाचा आवाज आला, "माझ्या दोन पिशव्या ठेव रे, कालचा माल तयार आहे!"

सरोज जिन्यात थांबली. वर परत जावं असं तिला वाटलं. पण फॉर्म गेला होता, पाय दुखत होते, आणि उन्हं चढली होती. ती खाली उतरली. उरलेल्या घरांतही तिने तसंच केलं, जो दारात आला त्याचं उत्तर घेतलं. मात्र पुढचे तीन महिने ती पायरी तिच्या डोक्यातून गेली नाही. पॅकिंगला असताना फुटकी गोळी दिसूनही सोडली, असं तिने चौदा वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीला ती वेळ काढूनच आली. विमलाबाईंनी दार उघडलं आणि मागचंच उत्तर सुरू केलं.

"मावशी, तुमचं तुमच्याबद्दल सांगा. सुनेचं सुनेला विचारते."

"का? मी घरातली मोठी. मी काय खोटं सांगते?"

"खोटं नाही हो. पण माझा दात दुखत असेल तर डॉक्टर तुम्हाला विचारेल का?"

विमलाबाई रागावल्या. टीव्हीचा आवाज वाढवून त्या भिंतीला टेकून बसल्या. रसिका ओढणीला हात पुसत बाहेर आली. सव्वीस-सत्तावीसची. बोटांच्या टोकांना डॉक्टरी पट्टी गुंडाळलेली.

"मागच्या सात दिवसांत तुम्ही काही काम केलंत का?" सरोजने विचारलं.

"नाही. घरीच असते."

"हे बोटांना काय झालंय?"

रसिकाने हात मागे घेतला. "ते मणी ओवते ना, तार लागते. पण ते काही काम नाही ताई. टाइमपास आहे. घरातलं आवरून करते."

"त्याचे पैसे मिळतात?"

"डझनावर मिळतात. थोडेसे."

"मग ते काम आहे. सात दिवसांत एक तास जरी कमाईसाठी काम केलं, तरी ते काम. हे मी ठरवलेलं नाही, नियमच आहे तसा. आता सांगा, काल किती वाजता बसलात?"

रसिकाला आधी हसू आलं, मग ती आठवायला लागली. अकराला टँकरचं पाणी वर चढवून झालं की बसते. दोनला उठते. पोळ्या. परत चार ते सहा. परवा पाहुणे आले होते, त्या दिवशी नाही. रविवारी जास्त, कारण सोमवारी माल द्यायचा असतो. बोटांवर मोजत मोजत ती एकतीस तासांवर येऊन थांबली.

"एकतीस?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने परत एकदा मोजलं. एकतीसच.

टीव्हीचा आवाज कधी कमी झाला, ते सरोजला कळलं नाही. विमलाबाई सुनेकडे बघत होत्या.

त्या दिवशी सरोजने आठही घरांत बायकांना समोर बसवून विचारलं. सहा घरांत तेच निघालं. मणी, कड्या, कार्डावर कानातली टोचणं. वीस तास, पंचवीस तास, एकीचे चाळीस. मागच्या वेळी सहाहीजणी 'घरकाम' होत्या. आता सहाहीजणी कामकरी.

तिसऱ्या दिवशी नौपाड्याच्या ऑफिसातून केदारने बोलावलं. केदार तिचा सुपरवायझर, सत्तावीस वर्षांचा, संख्याशास्त्र शिकलेला. पोरगा वाईट नव्हता, पण वरच्यांच्या फोनला फार घाबरायचा.

"गमरे मॅडम, हे काय केलंत? एका इमारतीत तीन महिन्यांत सहा बायकांना रोजगार? बाकी ठाणे जिल्ह्यात माझ्याकडे कुठेच अशी उडी नाही. वरून क्वेरी येणार."

"येऊ दे. खरं आहे ते."

"मग मागचं खोटं होतं?"

सरोजला जिन्यातली ती पायरी आठवली.

"बघा," केदार आवाज खाली आणून म्हणाला, "हे खरं ठेवायचं तर मागचं चुकीचं भरलं असं तुम्हाला लेखी द्यावं लागेल. पुढच्या महिन्यात कंत्राटाची यादी निघतेय. त्यात चुका करणाऱ्यांची नावं पहिल्यांदा कापतात. त्यापेक्षा जुनंच ठेवा. सहा बायकांनी देशाचा आकडा हलत नाही."

"देशाचा नसेल हलत," सरोज म्हणाली. "पण केदार, तुम्हीच शिकवलंत ना ट्रेनिंगला, की आपलं एक घर म्हणजे मागे कितीतरी घरं धरतात? मग मी सहा बायका पुसल्या तर किती पुसल्या, ते तुम्हीच सांगा."

केदारने पेन खाली ठेवलं. त्याचा हिशोब तिच्यापेक्षा पक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने नवऱ्याला, राजरत्नला सांगितलं. तो पंखे-मिक्सर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "चूक तुझी होती का?"

"होती. पायात गोळे आले होते म्हणून वर नाही गेले."

"मग लिही की. पण नीट अक्षरात लिही, नाहीतर परत लिहायला लावतील."

तिने वहीचा कागद फाडला आणि लिहिलं: पहिल्या भेटीत मी दारात जो आला त्याची उत्तरं भरली. ज्यांच्याबद्दल प्रश्न होता त्यांना विचारलं नाही. एका घरात काम चालतं हे मला त्याच दिवशी जिन्यात दिसलं होतं, तरी मी परत गेले नाही. ही चूक माझी आहे. दुसऱ्या भेटीतली माहिती मी स्वतः सहाहीजणींकडून घेतली आहे, आणि ती कुणीही येऊन तपासावी.

कागद देऊन ती जिना उतरली. खाली रस्त्यावर आल्यावर तिला सडकून भूक लागली आणि तिने उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले.

पंधरा दिवसांनी तपासणी आली. वरच्या ऑफिसातल्या प्राची मॅडम, पन्नाशीच्या, हातात पाण्याची बाटली, चार मजले न थांबता चढल्या. सरोजला त्यांनी खाली थांबायला सांगितलं, बरोबर फक्त केदारला घेतलं. पुढे काय झालं ते तिला केदारनेच हसत हसत सांगितलं. मॅडमनी विमलाबाईंना विचारलं, सून काय करते? विमलाबाई म्हणाल्या, "तिलाच विचारा बाई. ती सरोज येते ना, ती मला सुनेचं उत्तर देऊच देत नाही."

सगळंच मात्र सरळ झालं नाही. दुसऱ्या मजल्यावरची कांता नावाची बाई मॅडमना म्हणाली, मी काही काम करत नाही, लिहिणाऱ्या बाईची काहीतरी गल्लत झाली. तिच्या दारामागे माल भरलेल्या तीन पिशव्या होत्या, केदारने स्वतः बघितल्या. नंतर सरोज तिला भेटली तेव्हा ती रडकुंडीला आली. "कुणीतरी सांगितलं, काम लिहिलं की सरकारी योजनेचे पैसे बंद होतात. मला परवडणार नाही ओ." ही माहिती कुणालाच दाखवत नाहीत, असं सरोजने तिला तीनदा सांगितलं. कांताचा विश्वास बसला नाही. शेवटी प्राची मॅडमनी ती सांगेल तेच भरलं. सहातल्या पाच राहिल्या. सरोजला ते लागलं, पण माणसाचं उत्तर माणसाने द्यायचं हा तिचाच हट्ट होता. आता तो सोडून कसं चालेल?

कंत्राटाची यादी लागली. तिचं नाव होतं, सगळ्यांत शेवटी. हा फेरा संपेपर्यंत दिवा, मग अंबरनाथ. कल्याणहून उलट्या बाजूला. "मिळालं ना?" राजरत्न म्हणाला. "मिळालं," ती म्हणाली आणि चपलांना नवीन पट्टे लावून आणले.

तिसऱ्या भेटीत रसिकाचे तास तीसच्या वरच होते. पण या वेळी तिने ते विचारायच्या आधीच सांगितले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात ती पेन्सिलीने आकडा टाकायची. चौथ्या, शेवटच्या भेटीला सरोज आली तेव्हा कॅलेंडरवरचे गेल्या दोन आठवड्यांचे चौकोन रिकामे होते. रसिकाच्या बोटांवर पट्ट्याही नव्हत्या.

"मागच्या सात दिवसांत काम?"

"नाही केलं."

"आजारी होता?"

"नाही. शेठच्या माणसाला म्हटलं, महिन्याला सव्वाशे-दीडशे तास होतात माझे, दर वाढव. तो म्हणाला, परवडत नसेल तर दुसऱ्या बाईला देतो. म्हटलं, दे." रसिकाने हनुवटी वर केली. "आता बाहेर बघतेय. डोंबिवलीला एमआयडीसीत दोन ठिकाणी जाऊन आले. एका ठिकाणी नाव घेतलंय."

"म्हणजे काम शोधताय. आणि मिळालं तर लगेच करणार?"

"उद्या म्हणाले तर उद्या."

सरोजने टॅबवर भरलं. विमलाबाई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या होत्या. "काय लिहिलंत?"

"काम नाही, काम शोधतेय. बेरोजगार."

"अगं बाई!" विमलाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "म्हणजे वर्षभर फिरून तुम्ही माझ्या सुनेला बेरोजगार करून ठेवलंत?"

रसिका हसायला लागली. "आई, आधी मी कोण होते? घरीच असते, काही करत नाही. बेरोजगार म्हणजे निदान कुणाला तरी वाटतंय की हिला काम पाहिजे."

"नोकरी लागली तर माझ्या पोळ्या कोण करणार?" विमलाबाई पुटपुटल्या. मग कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "पाणी मी चढवून घेईन त्या शेजारच्या धाकूच्या पोराकडून. अकरा वाजता तू नसशील ना."

त्या आठवड्यात पेपरात मागच्या तिमाहीचे आकडे आले होते. राज्याच्या शहरी भागातल्या बायकांची बेरोजगारी किंचित वाढली, अशी आतल्या पानावर चार ओळींची बातमी. सरोजने ती दोनदा वाचली होती. रसिकाचा आजचा फॉर्म पुढच्या आकड्यात जाणार होता, आणि तेव्हाही कुणीतरी मान हलवून म्हणणार होतं, परिस्थिती बिघडली. त्या वाढलेल्या टक्क्यात हनुवटी वर करून बसलेली एक मुलगी आहे, हे चार ओळींत मावणारं नव्हतं. सरोजला त्याची खंत वाटली नाही. तिचं काम आकडा बरा दिसावा हे नव्हतंच.

तिने फॉर्म पाठवला, टॅब बंद करून पिशवीत ठेवला. चार भेटी पूर्ण झाल्या होत्या. आता या घराशी सर्वेक्षणाचा संबंध उरला नव्हता. सर्वेक्षण चालू असताना कुणाला सल्ला द्यायचा नाही, हा नियम तिने वर्षभर कसोशीने पाळला होता. ती उठली नाही.

"नाव घेतलंय ती कंपनी कसली?" तिने विचारलं.

"पॅकिंगची. क्रीमच्या ट्यूब."

सरोजने मांडी नीट घातली. "ऐक. मी चौदा वर्षं पॅकिंगला होते. पहिल्या दिवशी ते तुला पट्ट्यापाशी उभं करतील आणि वेग वाढवून बघतील. घाबरायचं नाही. हाताकडे बघायचं नाही, मालाकडे बघायचं. आणि शिफ्ट किती तासांची ते पहिल्यांदा विचारायचं. विचारशील ना?"

"ते तर मी विचारणारच," रसिका म्हणाली, आणि आत जाऊन पेन्सिल घेऊन आली. "थांबा ताई, लिहून घेते. परत पहिल्यापासून सांगा."