अकरा घरांना एकच नंबर

सून सुमन चुलीपाशी कोसळली, दातखीळ बसली. दिवसातली तिसरी फिट. तिच्या मिरगीच्या गोळ्या संपून तीन दिवस झाले होते. त्या वडीगोद्रीत मिळत नाहीत, मुलगा पुण्याहून पाठवतो. आणि मोबाईल म्हणत होता, पार्सल घरी पोहोचलं.

"कोणाच्या घरी?" मी पार्सलच्या कंपनीत फोन लावला.

"आजी, कंप्यूटरला पत्ता म्हणजे एक वस्तू असते," तिथला माणूस म्हणाला. "सगळे रकाने सारखे भरले की वस्तू एकच. तुमची अकराही घरं त्यात एकच आहेत."

अकरा चुली, अकरा घरची भांडणं, आणि म्हणे एक वस्तू. मला किळस आली.

डाकवाले आबा सुमनचं डोकं धरून बसले होते. म्हणाले, "वहिनी, चूक माझी हाय."

आबांनी उभा जन्म आमच्या वस्तीवर टपाल वाटलं. पाकिटावरचं नाव तेवढं वाचायचे. "बाकीचं मला ठाव हाय." एकदा कार्ड हातात देताना म्हणाले, "अक्षर तुमच्या भावाचं हाय. कायतरी मागून राह्यला." मागतच होता. दुसऱ्याची कार्डं वाचायची ही खोड घाणेरडी, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात कंपनीचा माणूस लॅपटॉपवर पत्ते भरायला आला, तेव्हा आबा रिटायर झालेले, तरी लोकांनी त्यांनाच पुढं बसवलं. घर नंबराचा रकाना रिकामा चालेना. आमची सगळी भावकी. दुसरा नंबर घ्यायला कोणी तयार नाही, अकरावा तर कोणीच नाही. चुलत दीर काठी घेऊन आला. आबा म्हणाले, "सगळ्यांलाच एक लिहा. मिटलं भांडण." सगळे खूश. लाज वाटते, पण मीही.

यादीत सगळ्यात वर भावकीतल्या बापूरावांचं घर, म्हणून एक नंबरचं सगळं तिथंच जाणार. ते संभाजीनगरला राहतात, इथल्या फाटकाला कायम कुलूप. पत्ते भरल्यानंतरचं हे पहिलंच पार्सल, ते भिंतीवरून त्यांच्या अंगणात टाकलेलं दिसलं.

सत्तरीचे आबा फाटकावर चढून आत उतरले. खोकं माझ्याकडे फेकलं. "माझ्यासाठी थांबू नका, जल्दी गोळी द्या तिला." सुमन शुद्धीवर आली होती, मी गोळी दिली. परत आले तर आबा फाटकाखाली पडलेले, खुबा मोडलेला.

आठवड्यानं कंपनीचा माणूस आला. आबांची चौकशी नाही. पार्सल मिळालं म्हणून सही मागत होता. मी दारातूनच हाकलला.

आबा दोन महिने खाटेवर होते, मग गेले. सुमन वाचली.